अर्धा वेळ म्हणजे किती तास?

आमची थोरली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाची ही गोष्ट. आम्ही नगरजवळ भिंगारला राहतो. आमच्यापैकी एक जण नागापूरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला जातो, दुसरी घरी शिवणकाम करते. एके दिवशी पोर म्हणाली, "कापडबाजारात एका साड्यांच्या दुकानात मुली पाहिजेत. दुपारी दोन ते सहा, महिना चार हजार. माझ्या फीचं मी बघते."

आम्हांला बरेही वाटले आणि वाईटही. आमचे शिकायचे वय कामातच गेले. निदान लेकराचे तरी पुस्तकात जावे, एवढीच आमची इच्छा. पण फीची तारीख जवळ आली होती आणि धाकट्याची दहावी होती. आम्ही होकार दिला.

दुकानात आधी नाव विचारले, मग आडनाव, मग "म्हणजे कोण?" तिने सरळ सांगितले. मालक क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "हिशेब येतो का?" हिशेब तिला येत होता.

पहिले दोन-तीन महिने कामाचा फायदाच दिसला. रिक्षावाल्याकडे उरलेले सुट्टे पैसे मागायला लाजणारी आमची मुलगी अनोळखी गिऱ्हाइकाशी धिटाईने बोलू लागली. खरे रेशीम कोणते, मिश्र कोणते, हे तिच्या हाताला कळू लागले. मालाची नोंद, बिले, रोजची रोकड जुळवणे, हे पुस्तकातले धडे तिने डोळ्यांसमोर घडताना पाहिले. पहिल्या पगारातून तिने फीचा हप्ता भरला आणि उरलेल्या पैशांत आईला चष्मा केला. त्या दिवशी सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला.

मग दिवाळी आली. सहाचे आठ झाले, आठाचे साडेनऊ. बसायला साधे स्टूल नाही. गिऱ्हाइकाला बसलेली मुलगी दिसायला नको म्हणे. रात्री घरी आली की मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसायची आणि पुस्तक मांडीवर तसेच राहायचे. पगार मात्र तोच, चार हजार. विचारले तर उत्तर मिळाले, "सणासुदीला एवढं करावंच लागतं." कागदावर काहीच नव्हते. त्या सत्राच्या परीक्षेत तिचे दोन विषय राहिले.

घरात दोन मते झाली. एक म्हणे, उद्यापासून दुकान बंद. दुसरे म्हणे, काम सुटले तर पुढची फी कुठून? शेवटी आम्ही चौकशी केली. तेव्हा जे कळले ते सर्व पालकांनी ध्यानात ठेवावे.

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट मजुरी आहे. पण जादा म्हणजे दिवसाची वा आठवड्याची कायदेशीर मर्यादा ओलांडून केलेले काम. चार तासांसाठी ठेवलेल्या मुलीने सात तास काम केले, तरी कायद्याच्या लेखी ते जादा ठरत नाही. शिवाय चार-सहा नोकरांच्या दुकानाला त्या कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागूच होत नाहीत. किमान वेतन मात्र लहान दुकानालाही चुकत नाही. दुकानात उभे राहणाऱ्यांना बसायला जागा मिळावी, असा कायदा केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली केला.

बारमाही कारखान्यांतल्या कामाचा आठवडा १९४६ साली ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेबांनी मांडले होते. माणसाच्या वेळेला मोल आहे, हे त्यांनी कायद्यात बसवले. आमच्या लेकीच्या वेळेचा हिशेब मात्र आम्ही कामाला पाठवण्याआधी विचारलाच नव्हता. ही चूक आमची.

आम्ही मालकांना भेटलो. सहाला सुट्टी, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस रजा, वरच्या तासांचे पैसे, एवढेच मागितले. ते म्हणाले, "मग तुम्ही दुसरीकडे बघा." तिने काम सोडले.

पुढे कॉलेजातच तिला 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयाचे काम मिळाले. पैसे कमी, पण ठरलेला तास संपला की काम संपते. राहिलेले दोन्ही विषय तिने सोडवले. तरी ती अजून म्हणते, "माणसांशी बोलायला मी दुकानातच शिकले." तेही खरे आहे. म्हणून आम्ही कुणाला दुकानात जाऊ नको म्हणणार नाही.

आता धाकट्याने सावेडीतल्या एका मोबाइलच्या दुकानात काम बघितले आहे. थोरलीने त्याच्या वहीत चार प्रश्न लिहून दिले : सुटायची वेळ कोणती? वरच्या तासाला किती? परीक्षेला रजा आहे का? बसायला जागा आहे का? खाली लिहिले आहे, "उत्तरं मालकाच्या हातानं लिहून घे. रोजचे तास तू लिही."

वही त्याच्या खिशात आहे. उद्या तो विचारायला जाणार आहे.