सोयराबाईंचं काजळ

"काजळ अजून जाड लावा," असं मी मेकअपवाल्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यानं हात थांबवला आणि म्हणाला, "साहेब, ही महाराणी आहे का हडळ?" मी हसलो. तेव्हाच थांबलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं.

मी फलटणचा. दिवसभर पतसंस्थेत कॅशिअर, संध्याकाळी हौशी नाटकवाला. कामं करून झाली, बसवून झाली, मग पन्नाशीत लिहायची खाज सुटली. विषय शोधायला गावाबाहेर जायची गरज नव्हती. सईबाई इथल्या निंबाळकरांच्या लेक, शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणी, संभाजीराजांच्या आई. १६५९ साली त्या गेल्या तेव्हा पोर दोन वर्षांचं होतं. पुढे महाराजांनी आपली मुलगी सखुबाई बजाजी निंबाळकरांच्या मुलाला, महादजींना दिली, म्हणजे सोयरीक दोन्हीकडून. आमच्याकडे संभाजीराजांचं नाव निघालं की माणूस जवळच्या भाच्याबद्दल बोलावं तसा बोलतो. मीही तसाच.

बाप-लेकांच्या भागाला हात लावायची माझी छाती नव्हती. तो रहिमतपुरात जन्मलेल्या वसंत कानेटकरांनी १९६२ साली 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये असा काही लिहून ठेवला आहे की नंतरच्यानं तिकडे फिरकू नये. म्हणून मी महाराज गेल्यानंतरचे दोन-अडीच महिने घेतले. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. पन्हाळ्यावर असलेल्या संभाजीराजांपासून बातमी दडवायची खटपट झाली. त्याच महिन्यात राणी सोयराबाईंच्या दहा वर्षांच्या मुलाला, राजारामांना, गादीवर बसवलं. मोरोपंत आणि अण्णाजी हे दोन प्रधान संभाजीराजांना धरायला पन्हाळ्याकडे निघाले आणि सरसेनापती हंबीरराव मोहित्यांनी वाटेत या दोघांनाच धरलं. नाटक आयतं होतं, मला फक्त वाक्यं घालायची होती.

लिहायला बसलो आणि सवयीनं पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला संभाजीराजे, त्यांच्या राणी येसूबाई, हंबीरराव. नावे टाकले अण्णाजी आणि सोयराबाई. कॉलेजात असताना देवलांच्या 'झुंझारराव'मधला एक प्रवेश आम्ही केला होता. 'ऑथेल्लो'वरून हरिपूरच्या या माणसानं १८९० साली बेतलेलं नाटक, आणि त्यातला इयागोच्या जातीचा कारस्थानी माझ्या वाट्याला आला होता. टाळ्या मला पडल्या. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं होतं की शोकांतिका म्हटली की एक इयागो पाहिजेच. तो मी सोयराबाईंना केलं.

त्यांचं काम करणाऱ्या बाई झेडपीच्या शाळेत शिक्षिका. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात वही मिटून त्या म्हणाल्या, "सर, या बाईला मूल आहे ना? मग तिला पोराशी एकही वाक्य कसं नाही? सगळी वाक्यं अण्णाजींशीच."

"बाई, नाटक दोन तासांत बसवायचंय," मी म्हणालो.

"एकच द्या. तो येतो, जातो, एवढंच."

मी दिलं नाही. उलट त्यांना खांदे उचलून चालायला लावलं आणि प्रत्येक वाक्यानंतर डोळे बारीक करायला सांगितलं. शिवाय नियती दिसावी म्हणून विंगेत एक पत्रा टांगला. अण्णाजी आत आले की पोरगं तो हलवायचं आणि गडगडाट व्हायचा. आता आठवलं की कानशिलं तापतात. नियती त्या पत्र्यात नव्हती, पंचांगात होती. राजारामांचं लग्न त्याच वर्षी १५ मार्चला झालं. मांडव उतरून तीन आठवडे होत नाहीत तोच बाप गेला. थोरला मुलगा लग्नाला नव्हता, शेवटच्या घटकेलाही नव्हता. महाराज आणखी वर्षभर जगते तर यातलं किती घडलं असतं, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उठायला हवा होता. मी त्याला पत्रा ऐकवला.

प्रयोग दणक्यात झाला. सोयराबाई आल्या की मागच्या खुर्च्यांतून शिव्या आल्या, हंबीरराव आले की शिट्ट्या. हंबीररावांना मी एंट्रीलाच तलवार उपसायला लावली होती. पडदा पडल्यावर लोकांनी माझा हात हातात घेतला. आत बाई आरशासमोर बसून तेलानं काजळ पुसत होत्या, कापूस काळा होत होता. मी म्हणालो, "बाई, शिव्या म्हणजे दाद." त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या प्रयोगाला त्यांच्या शाळेची तपासणी निघाली. त्यानंतरच्या प्रयोगालाही निघाली. मग मी दुसरी बाई शोधली आणि काजळ तेवढंच जाड ठेवलं.

वर्षभरानं कराडला एका लग्नाला गेलो होतो. परतताना वेळ होता म्हणून हायवेवरून तळबीडच्या फाट्याला वळलो. वसंतगडाच्या पायथ्याचं गाव, हंबीररावांचं. त्यांच्या स्मारकापाशी एक म्हातारबा सावलीला बसले होते. मी नाटकवाला, असं कौतुकानं सांगितलं, हंबीररावांवर नाटक केलंय म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन सोयराबाईस्नी काय केलंत?"

मी चाचरलो.

"लेक तर ती बी ह्याच गावची," ते म्हणाले.

हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्याच संहितेत "दादा" अशी हाक होती. पण फलटणच्या लेकीच्या बाजूनं उभं राहण्याच्या भरात तळबीडलाही एक लेक असेल हे माझ्या गावीही नव्हतं. जमा-नावेच्या रेघेनं बहीण-भावाला दोन रकान्यांत टाकलं आणि माझं काम संपलं. सोफोक्लिसची अँटिगनी भावाच्या प्रेतासाठी राजाज्ञा मोडते आणि मरते. इथे उलटं. भाऊ गादीच्या हक्काच्या वारसासाठी बहिणीचा डाव मोडतो, सख्ख्या भाच्याचा मुकुट उतरवतो. पुढे त्यांचीच मुलगी ताराबाई त्याच भाच्याला दिली. आणि १६८७ साली ते वाईजवळच्या लढाईत संभाजीराजांचं राज्य राखताना पडले. कोण कोणाशी बेइमान? आई पोराशी इमानी, भाऊ गादीशी, अण्णाजीही आपल्या समजुतीप्रमाणे राज्याशीच. असा माणूस येताक्षणी तलवार उपसत नाही. त्याच्या हातून ती सहज उपसली जाऊ नये. माझ्या नाटकात ती किती सहज निघत होती! प्लास्टिकची होती, म्हणूनही असेल.

त्या पावसाळ्यात प्रवेश नव्यानं लिहिला. पत्रा काढला. हंबीररावांची एंट्री रिकाम्या हातांनी. आणि पहिल्या अंकात सोयराबाई आणि राजाराम दोघंच, कोनाड्यात लग्नातल्या मुंडावळ्या. तिथे राजारामांना मी सिंहासनाबद्दल चांगलं सहा ओळींचं वाक्य दिलं होतं. माझ्या मते संहितेतलं सर्वांत उत्तम.

कागद घेऊन बाईंच्या घरी गेलो. माफी मागायची तयारी करून गेलो होतो, पण त्या दारातच वाचायला लागल्या. एका हातात पोळीचं पीठ होतं, म्हणून कागद दोन बोटांत धरलेला. वाचून झाल्यावर आत गेल्या, हात धुतले आणि वह्या तपासायचा लाल पेन घेऊन आल्या.

"दहा वर्षांचं पोर असं बोलत नाही, सर." त्यांनी सहाही ओळींवर आडवी रेघ मारली.

"मग काय बोलेल?"

"भूक लागली म्हणेल. दिवसभर कुणी विचारलेलं नसेल त्याला."

मी तेवढंच ठेवलं.