लिंबोणीवरचे फुलपाखरू आणि शिंपी

इंदूरच्या आमच्या घरामागे लिंबोणीचे एक रोप आहे आणि त्याला लागून अंजीर. यंदाच्या श्रावणात या दोन झाडांमध्ये एक तंटा उभा राहिला व त्याचा निवाडा करण्याचे काम आम्हां उभयतांवर आले.

लिंबोणीवर फुलपाखराची अंडी होती. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके आणि मागील पंखावर विटकरी डाग असलेले हे फुलपाखरू वाचकांनी पाहिलेले असेलच. त्याची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून दुभंगलेले नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडते.

अंजिराची पाने कापसाच्या व कोळिष्टकाच्या धाग्यांनी टाचून शिंपी पक्ष्याने घरटे केले होते. (१७६९ साली पेनंट यांनी दिलेल्या त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ मोची असा होतो, धंदा ओळखावा तो आपल्या भाषेने!) चिमणीहून लहान जीव, पण नरमादी दोघेही दिवसभर पिलांना किडे भरवीत होती.

लेकजावई नोकरीनिमित्त हैदराबादला असल्याने नातू आमच्यापाशी असतो. त्याने दोन अळ्यांवर नजर ठेवली होती. त्यांतली एक शिंप्याने त्याच्या देखत उचलली. "आजोबा, ते घरटं काढून टाका!" असा हट्ट सुरू झाला. रोप वाचवण्यासाठी शेजाऱ्यांनी औषध देऊ केले होतेच. पण ते अळीतून पिलांच्या पोटी गेले असते. आम्ही दोन्हींना नकार दिला.

"अळीची आई कुठं होती?" त्याने विचारले.

आम्ही सांगितले, ती पुढच्या पायांनी पानाची चव घेते, लिंबाच्या कुळातलेच पान निवडते, अंडे ठेवते आणि जाते. तिला मध पिण्याची सोंड. घास भरवणार कशाने? पान चुकले तर अळी उपाशी मरेल, म्हणून तिची सारी माया त्या एका निवडीत असते. शिंपिणीला शंभर खेपा करता येतात.

"मग शिंपीण जास्त चांगली?"

हिने माझ्याकडे पाहिले. आम्हांला ही तुलनाच अन्यायाची वाटते, पण सात वर्षांच्या मुलाला ते सांगावे कसे? रात्री हैदराबादचा फोन आला तेव्हा त्याने आईला अळीचीच हकीकत सांगितली, पुष्कळ वेळ.

दुसरी अळी कमरेला रेशमाचा धागा बांधून आता कोशात आहे. शिंप्याला दिसू नये म्हणून नातवाने फांदीभोवती जुन्या मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळला आहे. टाके मात्र आजीकडून घालून घेतले.