पत्र्याची लिझी आणि तिच्यामागे राहिलेली माणसे

२६ मे १९२७ रोजी डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यातून दीड कोटी क्रमांकाची 'मॉडेल टी' बाहेर पडली. हेन्री फोर्ड आणि त्याचा मुलगा एडसेल त्या मोटारीत बसून डिअरबॉर्नला गेले. छायाचित्रे निघाली, बातम्या छापून आल्या. हा सोहळा होता तसाच निरोपही होता, कारण याच दिवसांत फोर्ड कंपनीने मॉडेल टीचे उत्पादन थांबवून तिच्या जागी संपूर्ण नवी मोटार आणण्याचे जाहीर केले होते.

या प्रसंगाची कथा सहसा दोन व्यक्तींच्या द्वंद्वासारखी सांगितली जाते. एका बाजूला हट्टी, वृद्धत्वाकडे झुकलेला फोर्ड. दुसऱ्या बाजूला दरवर्षी नवे रूप, नवे रंग आणि हप्त्यांची सोय घेऊन येणारा जनरल मोटर्सचा आल्फ्रेड स्लोन. या द्वंद्वात स्लोन जिंकला आणि आधुनिक ग्राहक जन्माला आला, असा त्याचा शेवट. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांना ही कथा फार सोयीची आहे. परंतु तिच्यात एक मोठा समूह गैरहजर असतो, तो म्हणजे ज्यांच्या दारात मॉडेल टी आधीच उभी होती त्या लाखो लोकांचा. आजचा हा धागा त्यांच्याविषयी आहे. थोडा लांबेल, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम ती मोटार नेमकी कशी होती ते पाहू, कारण त्यावाचून मालकांची हळहळ कळणार नाही. १९०८ च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलरांच्या आसपास होती. १९१३ पासून हायलंड पार्कमध्ये सरकती जोडणी-रांग सुरू झाली. पूर्वी एका चासीच्या जोडणीला बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो दीड तासावर आला. किंमत उतरत गेली आणि १९२० च्या दशकाच्या मध्यास सर्वांत साधी मॉडेल टी ३०० डॉलरांच्या आत मिळू लागली. त्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या फोर्डच्या असत. लोकांनी तिला 'टिन लिझी' असे नाव दिले. आपल्याकडे 'पत्र्याची लिझी' म्हणता येईल, आणि त्या शब्दांतली थट्टा व माया दोन्ही मराठीतही पोहोचतात असे मला वाटते.

ती चालवणे ही एक स्वतंत्र विद्या होती. पायाशी तीन पेडल, पण आजच्या मोटारीतले एकही जसेच्या तसे नाही. डावे पेडल पूर्ण दाबले की मंद गती, सोडले की जलद गती, मधले मागे जाण्यासाठी, उजवे ब्रेकचे. वेग वाढवायचा तो पायाने नव्हे, सुकाणूखालच्या दांड्याने हाताने. दुसऱ्या बाजूच्या दांड्याने ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, हे चालकानेच ठरवायचे. ब्रेकचा पट्टा झिजला असेल तर अनुभवी माणूस बेधडक मागे जाण्याचे पेडल दाबून गाडी थांबवी. पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल निव्वळ उताराने इंजिनाकडे जाई. म्हणून टाकीत पेट्रोल कमी असताना खडा चढ लागला की गाडी वळवून उलटी चढवावी लागे. टाकीत किती उरले ते सांगणारा काटा नव्हता. गादी उचलायची, झाकण काढायचे आणि काठी बुडवून पाहायची. रात्री दिव्यांचा प्रकाश इंजिनाच्या गतीवर अवलंबून, त्यामुळे जिथे खड्ड्यांत सावकाश जायचे तिथेच दिवे मंदावत!

आज हे वाचताना हसू येते. त्या काळीही येत असे. फोर्डच्या विनोदांच्या पुस्तिका छापून विकल्या जात आणि त्यांतले पुष्कळसे विनोद मालक स्वतःच एकमेकांना सांगत. पण या गैरसोयींची दुसरी बाजू अशी की, त्या सर्व माणसाच्या आवाक्यातल्या होत्या. बिघाड डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई, आणि पान्हा, पक्कड व तारेचा तुकडा एवढ्यावर बहुधा दूरही होई. सुटे भाग स्वस्त होते आणि सर्वत्र मिळत. सिअर्स-रोबक कंपनीच्या टपाल-विक्रीच्या सूचीत या एका मोटारीसाठी असंख्य जोडवस्तू असत. म्हणजे मोटार कारखान्यातून अपुरी येई आणि मालक ती आपल्या हातांनी पुरी करी.

ग्रामीण भागात तर ती निव्वळ मोटार राहिलीच नव्हती. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या दहांपैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. अशा वेळी शेतकरी तिचे मागचे चाक जॅक लावून उचलत, त्यावर पट्टा चढवत आणि त्या फिरत्या चाकावर लाकूड कापण्याची करवत, पाण्याचा पंप, मक्याचे दाणे काढण्याचे यंत्र, क्वचित कपडे धुण्याचे यंत्रही चालवत. तिचा ट्रॅक्टर करून देणारे जोडसंचही विकत मिळत. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी १९९६ साली लिहिलेला याविषयीचा लेख माझ्या प्रबंधाचा कणा आहे. वस्तूचा अर्थ बनवणाऱ्याच्या हाती संपत नाही, वापरणाराही तो घडवतो, असे ते दाखवून देतात. कारखान्याच्या लेखी जी प्रवासाची गाडी, ती शेतकऱ्याच्या लेखी चार चाकांवरचे इंजिन होती.

हा विषय मी का निवडला, असे माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत विचारले होते. मी तेव्हा तंत्रज्ञानाचा सामाजिक इतिहास वगैरे जड शब्दांत उत्तर दिले. खरे उत्तर सातारा जिल्ह्यातल्या एका राज्यमार्गाच्या कडेला आहे. तिथे माझ्या वडिलांचे गॅरेज आहे; पत्र्याची शेड, पुढे चिंचेचे झाड, आत ऑइलने काळी झालेली जमीन. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज नेमका कुठून येतो ते सांगणारा त्यांच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. कार्बोरेटर खोलावा, जेट फुंकून साफ करावे, कचरा निघाला की पुन्हा बसवून केवळ कानाने ट्यूनिंग करावे. यावर आमचे घर चालले आणि माझे शिक्षण झाले. मग गाड्यांतले कार्बोरेटर गेले, त्यांच्या जागी इंजेक्शन आले, संगणक आला. ज्या लहानशा, सर्वसामान्यांच्या मोटारीत त्यांचा हात सर्वाधिक बसला होता, तीही बनायची थांबली. एका संध्याकाळी नव्या गाडीचे बॉनेट उघडून वडील बराच वेळ नुसते पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "बाळा, इथं हात घालायला जागाच ठेवली नाही." ते रागाने बोलले नव्हते. घरातल्या एखाद्या खोलीला कुणी कुलूप लावून गेल्यावर माणूस जसा बोलेल, तसे बोलले होते. आज त्यांच्याकडे स्कॅनर आहे. तो माझा धाकटा भाऊ चालवतो.

म्हणून १९२७ च्या हळहळीला केवळ भाबडी स्मरणरंजकता म्हणणे मला पटत नाही. मॉडेल टी गेली तेव्हा एक वस्तू गेली, एवढेच झाले नाही. तीन पेडलांची सवय, दिव्यांचा अंदाज, ठिणगीच्या दांड्यावरचा बोटांचा हलका दाब हे वर्षानुवर्षे कमावलेले ज्ञान एका घोषणेने जुने ठरले. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर गावच्या एका सधन वृद्धेची हकिकत प्रसिद्ध आहे. आपल्या हयातीत मॉडेल टीवाचून राहण्याची वेळ येऊ नये म्हणून तिने सात नव्याकोऱ्या मॉडेल टी विकत घेऊन ठेवून दिल्या. सात! आपण साबणाच्या वड्या साठवतो तशा मोटारी.

मात्र ही हळहळ सर्वांची सारखी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. अनेक वर्षे ती मोटार पुढे उभे राहून हँडल मारून सुरू करावी लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. थंडीत तेल घट्ट झाले तर सुरू होताच गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर सरके. विजेवर सुरू होण्याची सोय फोर्डने १९१९ मध्ये दिली, तीही इतरांच्या मागून. ज्यांना या कसरतीमुळे मोटारीपासून दूर राहावे लागले होते, त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि त्यांनी लिझीसाठी अश्रू का ढाळावेत? जुन्या वस्तूचे गुणगान ऐकताना, ती वापरण्याचे श्रम कोण करत होते हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे.

शिवाय लोक रडत होते, तर मग मोटार बंद का पडली? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर असे: जे तिच्यावर प्रेम करत होते ते तिचे नवे गिऱ्हाईक नव्हते. त्यांच्या दारातली लिझी स्वस्तात दुरुस्त होत होती, मग ते नवी कशाला घेतील? जो नव्याने पैसे मोजत होता तो शेव्हरोलेच्या दुकानात उभा होता. तिथे बंद छपराची, रंगीत, तीन गतींची मोटार हप्त्याने मिळे. फोर्ड मात्र १९१४ पासून १९२५ पर्यंत एकट्या काळ्या रंगावर अडून बसला. कंपनीतला एक वरिष्ठ अधिकारी आणि एडसेलचा साडू अर्नेस्ट कान्झ्लर याने १९२६ च्या जानेवारीत लेखी इशारा दिला, आणि काही महिन्यांतच त्याला बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. बाजाराला विकत घेणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. आधीच विकत घेतलेल्याचा नाही.

या स्थित्यंतराचा सर्वांत कठोर भाग मात्र मालकांच्या वाट्याला आला नाही. नवी मोटार तयार नसतानाच जुनीचे उत्पादन थांबवल्यामुळे कारखान्याची यंत्रे बदलण्यात महिनोन्‌महिने गेले. त्या काळात डेट्रॉइटमधले हजारो कामगार रोजगाराविना बसले. विक्रेत्यांकडे विकायला माल उरला नाही आणि त्यांतले कित्येक शेव्हरोलेकडे गेले. लिझीवरच्या भावपूर्ण लेखनात हे कामगार फारसे भेटत नाहीत.

२ डिसेंबर १९२७ रोजी 'मॉडेल ए' लोकांसमोर आली. पहिल्या ३६ तासांत सुमारे १ कोटी लोकांनी ती पाहिली असे सांगतात. आकडा प्रचारकी वाटला तरी गर्दी अफाट होती यात शंका नाही. चाळीस अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना ब्रेक, पुढे न फुटणारी सुरक्षित काच, पेट्रोलचा काटा आणि 'नायगरा ब्लू', 'अरेबियन सँड' अशा नावांचे रंग. पेडलही आता इतर मोटारींसारखे. हेन्रीने लिझीची 'लेडी' केली, अशा आशयाचे एक गाणेही लोकप्रिय झाले. कालपर्यंत हळहळणारे अनेकजण त्या गर्दीत असतीलच, आणि त्यात मला काही ढोंग दिसत नाही. नव्या सुनेचे कौतुक करणारी माणसे जुन्या पिढीतल्या बाईची आठवण काढून डोळे टिपतातच की.

नऊ वर्षांनी, १९३६ च्या मे महिन्यात, 'न्यू यॉर्कर'मध्ये ई. बी. व्हाइट यांचा मॉडेल टीला निरोप देणारा लेख आला आणि तिची स्मृती साहित्यात कायमची स्थिरावली. तो जरूर वाचावा. पण मला त्या लेखाइतकाच बोलका वाटणारा दस्तऐवज कारखान्याच्या नोंदींत आहे. मोटार बंद झाली तरी तिचे इंजिन बनणे थांबले नाही. कुणाच्या शेतावर पंप चालत होता, कुणाच्या अंगणात करवत चालत होती, कुणाची जुनी गाडीच अजून रस्त्यावर होती. या गरजेपोटी फोर्ड कंपनी मॉडेल टीची इंजिने बनवतच राहिली. शेवटचे इंजिन ४ ऑगस्ट १९४१ रोजी तयार झाले, म्हणजे मोटार संपल्यानंतर तब्बल चौदा वर्षांनी.

गेल्या दिवाळीत ही तारीख वडिलांना सांगितली. ते फिल्टर धूत होते. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "आणि पिस्टन रिंगा?"