मोबाइलचा अधिकमास

"माझा फोन बंद करून टाका. तेवढाच खर्च वाचेल."

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. रात्री जेवताना बाबा, म्हणजे माझे सासरे, सहज बोलल्यासारखं हे बोलले आणि माझा घास हातातच राहिला.

आम्ही मोहन नगरमध्ये राहतो. बाबांचा जन्म विदर्भातला, पण नोकरी सगळी भिलाईच्या पोलाद कारखान्यात झाली. त्यांच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबं त्या कारखान्यामुळे इकडे आली आणि इथलीच झाली. बाबांची पेन्शन अगदी थोडी. फोन साधा, बटणांचा. पण रोज संध्याकाळी सहा वाजले की त्यावर जुन्या सोबत्यांचे फोन सुरू होतात. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची नात पास झाली, सगळ्या बातम्या तिथूनच घरात येतात. तोच फोन बंद करायचा?

बाबा उठले आणि हिशोबाची वही घेऊन आले. त्यांच्या वहीत दूध, गॅस, वीज आणि फोन यांची वेगवेगळी पानं असतात. फोनच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं. "सूनबाई, वर्षाचे महिने किती?"

"बारा."

"मग रिचार्ज तेरा कसे?"

मी मोजले. खरंच तेरा होते. आमचा पॅक २८ दिवसांचा, आणि २८ गुणिले १३ म्हणजे ३६४ दिवस. बाबा म्हणाले, "पंचांगातला अधिकमास तीन वर्षांनी येतो. या मोबाइलवाल्यांचा दरवर्षी येतो!"

सगळे हसलो, पण मला रात्री झोप लागेना. बाबांच्या फोनवर आम्ही २९९ रुपयांचा पॅक टाकत होतो. त्यात रोजचं इंटरनेट होतं, आणि बाबांच्या फोनवर तर इंटरनेट चालतच नाही! तेरा वेळचे झाले ३,८८७ रुपये. सासूबाईंच्या फोनचंही तेच. दोघांचे मिळून पावणेआठ हजार, आणि त्यातला बराचसा पैसा कुणीच न वापरलेल्या इंटरनेटचा.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तेव्हा कळलं की ट्रायने डिसेंबर २०२४ मध्येच नियम बदलला आहे. ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक कंपन्यांनी द्यायलाच हवा, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. जानेवारी २०२५ पासून असे पॅक मिळू लागले होते. आम्ही कधी विचारलंच नव्हतं! १,८४९ रुपयांत वर्षभराचं काम झालं. एका फोनमागे दोन हजारांहून थोडे जास्तच वाचले.

आता माझी फजितीही सांगते. मी स्वतःला बचतीत फार हुशार समजत होते, कारण माझ्याकडे क्रेडिट कार्ड होतं. किराणा, पेट्रोल, मुलाची फी, सगळं कार्डावर. शंभर रुपयांना दोन पॉइंट. वर्षभरात तीन लाखांच्या खर्चावर सहा हजार पॉइंट जमले. एका पॉइंटचे २५ पैसे, म्हणजे दीड हजार रुपये. मी त्यातून कुकर घेतला आणि घरभर मिरवला.

बाबांनी वही उघडली त्या रात्री मीही माझी बिलं काढून बसले. एका महिन्यात ३२,००० चं बिल आलं होतं. त्याच महिन्यात घराच्या छताचं काम निघालं, म्हणून मी "किमान रक्कम" तेवढी भरली, १,६०० रुपये. वाटलं, बँकेनेच सांगितलंय तर काय हरकत आहे! पण पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतच राहत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासून धरतात. महिन्याला साडेतीन टक्के, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. पुढच्या बिलात १,९०० रुपयांच्या आसपास फुकट गेले. वर्षभराचे पॉइंट दीड हजारांचे आणि एका महिन्याची चूक एकोणीसशेची!

बाबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "कुकर महाग पडला गं."

कार्ड मी टाकून दिलेलं नाही. आता ते फक्त किराणा आणि पेट्रोलसाठी, म्हणजे जो खर्च होणारच आहे त्यासाठी वापरते. बँकेच्या ॲपमध्ये पूर्ण बिल आपोआप भरलं जाईल अशी सोय करून ठेवली आहे. पॉइंटसाठी म्हणून काही विकत घ्यायचं नाही, हे मनाशी पक्कं केलं आहे.

तुम्हीही एक करून बघा. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर महिन्याला किती इंटरनेट खर्च होतं ते कंपनीच्या ॲपमध्ये दिसतं. आधी ते बघा, मग पॅक ठरवा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल, तर १९०० वर एसएमएस करण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याला घरी चहाला बोलवा. आपल्या मागच्या खोलीत त्याच्या फोनला रेंज येते का, ते चहा होईपर्यंत कळतं. स्वस्त फोन लागलाच नाही, तर तो स्वस्त कसला?

परवा बाबांची वही सहज चाळली. फोनच्या पानावर या वर्षी त्यांच्या नावापुढे एकच ओळ आहे. तेवढ्यात सहा वाजले, फोन वाजला, आणि बाबा नेहमीसारखे मोठ्याने "हां, बोल रे!" म्हणत अंगणात गेले.