ओवी पाठ नसते

पिंपळवंडीत लग्नघरी हळदीचं जातं मांडलं की मला बोलावणं येतं. खुंट्याला सुपारी-हळकुंड बांधून होतं, तोवर एखादी नवी सून मोबाइल पुढे धरते. "काकू, सगळ्या ओव्या सांगा ना, लिहून घेते." बसून सांगायच्या म्हटलं तर एक आठवत नाही. हात फिरला की येतात.

यात गूढ काही नाही. पहिली ओळ मी घोळवते, समोरची जोडीदारीण ती उचलते, तेवढ्या उसंतीत दुसरी जुळते. साचा जुनाच, आतला माल आपला. सासूबाईंच्या ओवीतला बंधू बैलगाडीतून यायचा. माझा आळेफाट्याला एसटीतून उतरतो. एक अक्षर कमी पडतं, तिथं 'ग' चा टेकू देते. हल्लीच्या मुली बंधूला बुलेटवर बसवतात. बसवू देत, तोल सांभाळला म्हणजे झालं.

असं गाता गाता जुळवणं जात्यापुरतंच नाही. मिलमन पॅरी हा अमेरिकी अभ्यासक 1930च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गाथा गाणाऱ्यांकडे गेला. ते सांगत, आम्ही शब्दन् शब्द तोच गातो. ध्वनिमुद्रण तपासलं तर दर वेळी वेगळं. खोटं कोणीच बोलत नव्हतं. त्यांतल्या अवदो मेजेदोविचला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी बारा हजारांवर ओळींची एक गाथा त्याने नुसती तोंडी सांगून उतरवून दिली. मला नाही बाई जमायचं, मला जातं लागतं.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी लाखावर ओव्या जमवल्या. कागदावर चाल हरवते, ते खरं. पण ओवीसोबत गाणारीचं आणि तिच्या गावाचं नाव नोंदलं, हे मोठं काम. एरवी 'लोकगीत' म्हटलं की बाई गायब!

शेजारच्या नारायणगावात विठाबाईंच्या तमाशाच्या फडाला हजारोंचा प्रेक्षक असे. जात्याला प्रेक्षक नसतो, पहाटे तर नव्हताच. म्हणून तर सासरचं गाऱ्हाणं मोकळेपणी निघायचं.

आता अडचण वेगळीच आहे. गिरणी आल्यापासून जातं उरलं हळदीपुरतं आणि हळकुंडं असतात चार मुठी. देवांच्या ओव्या होईतो दळण संपतं. माहेर, भाऊ, नणंद यांची पाळी येतच नाही. म्हणून हल्ली बोलावणं आलं की मी घरधनिणीला आधीच सांगून ठेवते, हळदीसोबत किलोभर गहूही निवडून ठेव.