दाराशी आलेले पाणी आणि दाराशी आलेले उमेदवार

२ जानेवारी २०२४ ची रात्र आम्ही उभयतांनी जिन्याच्या पायरीवर बसून काढली. इंग्लंडमधील ज्या लहानशा शहरात आम्ही राहतो, तेथे त्या दिवशी हेंक नावाचे वादळ आले होते. ऑक्टोबरातल्या बाबेट वादळापासून पाऊस खाऊन जमीन तुडुंब झालेली. रस्त्याच्या कडेच्या जाळीतून पाणी खाली जाण्याऐवजी उलटे वर येऊ लागले. पहाटेपर्यंत बैठकीच्या खोलीत घोटाभर पाणी! नुसते पावसाचे असते तर एक वेळ सोसले असते, पण वासावरून कळले की त्यात मैला आहे. येथील जुन्या वस्त्यांत पावसाचे पाणी आणि संडासाचे पाणी एकाच नळातून वाहते. नळ भरला की ते नदीत सोडतात. तेवढ्यानेही भागले नाही तर ते घरात शिरते.

शेजारच्या ऐंशीच्या आजीबाई एकट्या राहतात. त्यांचे घर आम्ही दोन दिवस धुतले. आमच्या आजोबांच्या पिढीवर गावाची घाण उपसण्याचे काम जातीने लादले होते. तीच घाण आम्ही येथे उपसली, पण ती शेजारधर्म म्हणून, स्वखुशीने. हा फरक बाबासाहेबांमुळे पडला, याची आठवण हातात खराटा असतानाच झाली.

मार्चअखेर निवडणुकीचा प्रचार सुरू झाला. २ मे रोजी स्थानिक कौन्सिलचे मतदान होते. राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही आम्हाला येथे मत देता येते. त्याच सुमारास सरकारी आकडे आले होते : २०२३ साली इंग्लंडच्या नद्यांत व समुद्रात सुमारे ४ लाख ६४ हजार वेळा, एकूण ३६ लाख तास मैलापाणी सोडले गेले. मग काय, प्रत्येक पक्षाच्या पत्रकावर नदीचे चित्र, आणि खाली ‘मैला थांबवू’!

एक उमेदवार बाई दाराशी आल्या. आम्ही चहा दिला आणि विचारले, “पाण्याच्या कंपन्या १९८९ साली सरकारने विकल्या. त्यांच्यावर देखरेख राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था करतात. मग कौन्सिलमध्ये बसून तुम्ही मैला कसा थांबवणार?”

बाई क्षणभर गप्प झाल्या. “खरे आहे, ते आमच्या हातात नाही,” त्या म्हणाल्या.

“मग हातात काय आहे ते सांगा. रस्त्यावरच्या जाळ्या कौन्सिलच्या आहेत. त्या शेवटच्या कधी साफ केल्या? २०१० च्या कायद्याने पुराची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध करण्याचे काम कौन्सिलकडे आहे. आमच्या रस्त्याची चौकशी होणार का?”

त्यांनी वही काढून लिहून घेतले. चार दिवसांनी परत आल्या. जाळ्या दीड वर्ष साफ झाल्या नव्हत्या, हे त्यांनी लपवले नाही, आणि चौकशी मागण्याचे वचन दिले. मत कुणाला दिले ते सांगत नाही. बोटाला शाई मात्र लागली नाही, कारण येथे ती लावत नाहीत.

अहवाल पुढे आला. जाळ्या आता हिवाळ्याआधी साफ होतात. कंपनीचा नळ मात्र तोच आहे. पाणीपट्टी तेवढी वाढली. एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये सरासरी वर्षाला १२३ पौंडांनी. विकताना सरकारने या कंपन्यांचे जुने कर्ज माफ केले होते, तरी २०२४ पर्यंत त्यांच्यावर ६० अब्ज पौंडांहून अधिक नवे कर्ज चढले होते. त्याचे व्याज शेवटी आमच्यासारख्यांच्या बिलातूनच जाते.

१९२७ साली महाडला प्रश्न होता, सार्वजनिक तळ्याचे पाणी कुणाचे? पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर नदीच्या पुराचा प्रश्न हाती घेतला. १९४५ साली कलकत्त्याच्या बैठकीत त्यांनी पूर, वीज आणि शेतीचे पाणी यांचा एकत्र विचार मांडला. त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झाले. पाणी सर्वांचे, म्हणून त्याची जबाबदारीही सर्वांना जाब देणाऱ्याची, एवढे आम्ही त्यातून शिकलो.

नागपुरात आमचे आप्त आहेत. तेथेही २०१२ पासून पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे आहे, आणि सप्टेंबर २०२३ च्या पुरात तिथल्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. त्यांना आम्ही फोनवर सांगितले तेच वाचक बंधु-भगिनींनाही सांगतो. मत मागायला कुणी आले की घोषणा ऐकून घ्या, आणि मग शांतपणे विचारा : हा नाला कुणाचा, तो साफ कोण करणार, आणि न केल्यास आम्ही जाब कुणाला विचारायचा?