ग्रामसभेचा व्हिडिओ कुणी बघत नाही, आवाज मात्र ऐकतात

ग्रामसभेचं शूटिंग आता गावोगावी होतं. पण ते पूर्ण बघितलेला माणूस शोधून सापडत नाही. दोन तासांची सभा फोनवर फुल एचडीत घेतली की फाइल सहज १० जीबीच्या पुढे जाते. ती पाठवायची कशी आणि बघायची कुणी? मग कुणीतरी त्यातले ४० सेकंद कापतो, वर दोन इमोजी टाकतो आणि गावापुरती तेवढीच ग्रामसभा उरते.

गेल्या वर्षी तालुक्यातल्या एका गावात पाण्याच्या कामावरून हेच झालं. क्लिपमध्ये सरपंच "जमणार नाही" म्हणताना दिसत होते. प्रश्न काय होता, ते कापलेलं. बातमीसाठी पूर्ण रेकॉर्डिंग मिळवलं, चित्र काढून टाकलं आणि नुसत्या आवाजाची छोटी फाइल करून गावाच्या ग्रुपवर टाकली. दोन तासांची सभा साधारण १४ एमबीत बसली. लोकांनी शेतात ऐकली, एसटीत ऐकली. सरपंच बिल न तपासता सही करायला "जमणार नाही" म्हणत होते, हे कळलं. आणि पुढच्या तासात दोन प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, हेही कळलं. दोन्ही बाजूंची तोंडं थोडी बंद झाली.

हे करायला काही मोठी विद्या लागत नाही. कॉम्प्युटरवर व्हीएलसी किंवा एफएफएमपेग, दोन्ही फुकट. चित्र बंद करायचं, आवाज मोनो ठेवायचा, 'ओपस' फॉरमॅट निवडायचा आणि बिटरेट १६ केबीपीएस. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोटही ओपसमध्येच असते. जुन्या बटणाच्या फोनसाठी 'एएमआर' आहे, त्यात तासाभराचं बोलणं ६ एमबीच्या आत बसतं.

पण एएमआर जपून वापरा. तो फोनवरच्या बोलण्यासाठी केलेला फॉरमॅट आहे. एका वेळी एक माणूस बोलतोय, असं धरून चालतो. सभेत चौघं एकदम उठले की गोंधळतो. शिवाय साधा एएमआर वरच्या पट्टीतला आवाज साधारण ३,४०० हर्ट्झच्या पुढे ठेवतच नाही, आणि 'स'चा बराचसा जोर त्याच्या वरच असतो. लांब बसलेल्या माणसाचं 'साठ लाख' ऐकणाऱ्याला 'आठ लाख' वाटू शकतं. गावात एवढ्यावरून डोकी फुटतात, भाऊ! आकड्यांचा वाद असेल तर ओपसच बरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ व्हिडिओ डिलीट करू नका. छोटी फाइल ऐकायला, मूळ फाइल पुराव्याला. एकदा गाळलेला आवाज परत येत नाही. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीचं प्रकरण आठवा. उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, हा वाद होता आणि पुरावा म्हणून अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुढे आलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर केलं नाही, तर कॉपीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्रात फाइलची हॅशही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक सेकंद कापला तरी ठसा बदलतो.

म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. कुणाला द्यायची झाली तर पेनड्राइव्हवरूनच द्या, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नको, तिथे ती दाबली जाते.

कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. पुढच्या सभेत एवढंच मागा: पूर्ण सभेचा आवाज, न कापता, दुसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर. खर्च शून्य. ग्रामपंचायत नाही म्हणाली तर गावातल्या एखाद्या पोराने करावं. अडलं तर कमेंटमध्ये विचारा, सांगतो.